‘आपल्यात जात नाही’ : एक सोयीचे असत्य

२ मार्च १९३० रोजी सुमारे १५ हजार अस्पृश्य स्त्रीपुरुषांची मिरवणूक नाशिक शहरातून पंचवटीच्या काळाराम मंदिराकडे निघाली. मंदिराचे दरवाजे बंद होते. मिरवणूक गोदाघाटाकडे वळली, तेथे सभा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रही मंदिराच्या चारही दारांशी जाऊन बसले. नेतृत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे होते आणि संघटनेचा भार भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांच्या खांद्यावर होता. एप्रिलच्या रथयात्रेत स्पृश्य व अस्पृश्य दोघांनी मिळून रथ ओढावा असा समझोता झाला होता. तो मोडला गेला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. लढा वर्षानुवर्षे चालला, पण दार उघडले नाही. अखेर १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातील येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली.

हा इतिहास आपली मुले शाळेत शिकतात. आपण ख्रिस्ती माणसे मात्र तो शेजारच्या घरातील भांडणासारखा ऐकतो आणि ऐकून झाल्यावर समाधानाने म्हणतो, ‘बरे आहे, आपल्यात जात नाही. आपल्या चर्चचे दार सर्वांना उघडे आहे.’ माझे भांडण या समाधानाशी आहे.

दार उघडे आहे हे खरेच. परंतु ज्यांनी तो सत्याग्रह केला त्यांना केवळ दाराचे अप्रूप नव्हते. ३ मार्च १९३४ रोजी बाबासाहेबांनी दादासाहेब गायकवाडांना पत्र लिहून स्पष्ट केले की, आपल्या लोकांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून, किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील म्हणून, आपण ही चळवळ सुरू केली नव्हती. आपल्या लोकांना स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, हा त्यांचा हेतू होता. उंबरठा ओलांडला म्हणून समता येत नाही, हे त्यांनी त्याच वेळी ओळखले होते. तेव्हा चर्चच्या उघड्या दाराकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. त्या दारातून आत आलेला माणूस मिस्सा संपल्यावर कोणाच्या घरी जेवायला जातो आणि कोणाच्या घरात मुलगी देऊ शकतो, हे पाहावे लागेल.

रोटीव्यवहाराबाबत आपली प्रगती झाली आहे, हे मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. बेटीव्यवहाराचे काय? लग्न जुळवताना प्रथम विचारला जाणारा प्रश्न श्रद्धेविषयी नसतो. ‘मूळ कुठले?’ असे विचारले जाते आणि त्याचा अर्थ विचारणाऱ्याला व ऐकणाऱ्याला दोघांनाही नेमका कळतो. नगर-नाशिककडील ख्रिस्ती कुटुंबांत महार मूळाचा आणि मांग मूळाचा हा भेद स्नानसंस्काराच्या पाण्यानेही धुतला गेलेला नाही. नाशिकरोडच्या छापखान्यात किंवा ओझरच्या विमान कारखान्यात नोकरीनिमित्त आलेली वसई, गोवा, मंगळूर, केरळकडील कुटुंबे आणि ‘गावाकडचे ख्रिस्ती’ हे एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात. वेदीपासून अंगणापर्यंत येईतो त्यांचे वेगवेगळे घोळके झालेले असतात. प्रत्येक घोळक्याला वाटते, आपण केवळ आपल्या भाषेच्या माणसांशी बोलत आहोत. भाषा हे कारण थोडे खरे आहे. सर्वस्वी खरे नाही.

इतरत्र तर हा भेद दगडाविटांत बांधला गेला. तामिळनाडूतील वडक्कनकुळमच्या चर्चमध्ये जातीजातींना वेगळे बसवण्यासाठी भिंत होती, ती १९१० मध्ये पाडण्यात आली. गोव्यात काही ठिकाणी कॉन्फ्रारियांचे मान ठरावीक गावकार घराण्यांकडेच राहिले. आपल्याकडे भिंती नव्हत्या, म्हणून आपण निर्दोष ठरतो काय?

आता या ‘नाही’चा व्यवहारातला परिणाम पाहा. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये त्यात शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. एकाच वस्तीतल्या दोन चुलतभावांपैकी बौद्ध झालेल्याच्या मुलांना तो दाखला मिळू शकतो. ख्रिस्ती झालेल्याच्या मुलांना मिळत नाही. हा धर्मावरून केलेला उघड भेदभाव आहे. २००७ च्या रंगनाथ मिश्र आयोगाच्या अहवालानेही हा दर्जा धर्माशी जोडू नये, अशीच शिफारस केली. त्यासाठी आपली ख्रिस्तसभा निवेदने देते, मोर्चे काढते आणि १० ऑगस्टला काळा दिवस पाळते. ते योग्यच आहे.

परंतु या मागणीचा पाया कोणता? धर्मांतरानंतरही जातीचे चटके संपत नाहीत, हाच ना? सूसाई नावाच्या मद्रासमधील रस्त्याकडेला बसणाऱ्या एका चांभाराने सरकारी योजनेतील टपरी मिळावी म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. तो आदि द्रविड मूळाचा ख्रिस्ती होता. १९८५ मध्ये न्यायालयाने त्याला नकार दिला. जात धर्मांतरानंतर उरते एवढे दाखवून भागत नाही. नव्या समाजातही तिच्यापायी येणारी हलाखी तितक्याच तीव्रतेने चालू आहे याचा पुरावा हवा, आणि तो पुढे आलेला नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. तो पुरावा आपल्या घराघरांत आहे. दिल्लीत आपण म्हणायचे की ख्रिस्ती दलित अजूनही जातीच्या जाचाखाली आहेत, आणि आपल्या अंगणात म्हणायचे की आपल्यात जातच नाही! एका तोंडाने दोन साक्षी देणाऱ्याचे कोणते न्यायालय ऐकेल?

यावर काही सज्जन म्हणतील, ‘फादर, हा विषय काढल्याने समाजात फूट पडेल. काळ जाऊ द्या, आपोआप सुटेल.’ हे सज्जन प्रत्येक देशात भेटतात. १९६३ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील बर्मिंगहॅम शहरात काळ्या लोकांनी वेगळ्या खुर्च्या, वेगळी दुकाने, वेगळे नळ यांविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी जाहीर पत्रक काढून संयमाचा उपदेश केला. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना जे उत्तर लिहिले, ते जगाला ठाऊक आहे. एक गोष्ट आपण सहसा ऐकत नाही : त्या आठांत आपल्या ख्रिस्तसभेचे साहाय्यक बिशप जोसेफ ड्युरिकही होते. पुढे टेनेसी राज्यात बिशप असताना तेच समान हक्कांचे खंबीर पाठीराखे झाले आणि त्यापायी त्यांनी आपल्याच माणसांचा रोष पत्करला. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतला सर्वांत विभागलेला तास आहे, असे किंग म्हणत. आपल्याकडे रविवारचा तास एकत्र जातो. उरलेल्या आठवड्याबद्दल बोलू या.

आणि फूट म्हणाल तर ती पडलेलीच आहे. ज्याच्या मुलीचे स्थळ ‘मूळ’ ऐकताच परत फिरले, त्याला ती केव्हाच दिसली.

हे म्हणणे एखाद्या चिडक्या धर्मगुरूचे आहे असे समजू नये. जातिभेद हे पाप आहे, असे आपल्या बिशपांनी १९८२ मध्ये तिरुचिरापल्लीच्या सभेत म्हटले. ख्रिस्ती लोकांतील जातीय पूर्वग्रहाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ मध्ये तामिळनाडूच्या बिशपांसमोर स्पष्ट शब्दांत नाकारले. डिसेंबर २०१६ मध्ये भारतीय बिशप परिषदेने दलितांच्या सबलीकरणाचे धोरण प्रसिद्ध केले. देशातील बहुसंख्य कॅथॉलिक दलित असूनही नेतृत्वात ते फारच थोडे आहेत, ही कबुली त्यात आहे. २०२२ मध्ये अँथनी पूला हे पहिले दलित कार्डिनल झाले, याचा आपण आनंद केला. ख्रिस्तसभा भारतात आल्याला किती शतके लोटली, याचा हिशेब त्या आनंदात कोणी केला नाही.

२०१६ चे ते धोरण आपल्या किती पॅरिश कौन्सिलांच्या बैठकीत वाचले गेले? येत्या प्रायश्चित्तकाळात एक संपूर्ण बैठक त्यासाठी द्यावी. गाणारी मंडळी, वाचक, कौन्सिलचे सभासद आणि सणाच्या भोजनाच्या पंक्तीत बसणारे व वाढणारे कोण कोण आहेत, ते मोजावे. लग्नाच्या तयारीच्या वर्गात ‘मूळ कुठले?’ या प्रश्नावर तरुणांना मोकळेपणाने बोलू द्यावे, आणि त्यांचे आईवडील मागच्या बाकावर बसलेले असावेत. जे निघेल ते लिहून ठेवावे. न्यायालयाने मागितलेला पुरावा तोच आहे.