हरित घरांचे तारे आणि कष्टकऱ्यांचे छप्पर

ज्येष्ठातल्या दुपारी काशीच्या दशाश्वमेध घाटाच्या दगडी पायऱ्यांवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. तेथून वर चढून जुन्या गल्लीत शिरावे, तर अंग निवते. अरुंद गल्लीत एका घराची सावली समोरच्या घरावर पडते. विटा-चुन्याच्या जाड भिंती ऊन सहजासहजी आत येऊ देत नाहीत. मधला चौक तापलेली हवा वर सोडून देतो. हा घाट १७४८ मध्ये बाळाजी बाजीराव पेशव्यांनी बांधला आणि १७७४ मध्ये अहिल्याबाई होळकरांनी त्याची पुनर्बांधणी केली. मराठी वाचकाला हा परिसर परका नाही.

या घरांचा उदोउदो करण्याचे कारण नाही. तळमजल्याच्या खोल्या अंधाऱ्या व ओलसर असतात आणि त्यांत भाडेकरूच राहतात. परंतु यंत्राविना गारवा देणाऱ्या या बांधणीला बाजारात किंमत नाही. २०२१ मध्ये उद्घाटन झालेल्या विश्वनाथ धामासाठी सुमारे तीनशे मालमत्ता घेण्यात आल्या आणि लाहोरी टोला ही जुनी वस्ती नाहीशी झाली.

किंमत आहे ती प्रमाणपत्राला. उद्योगपतींच्या महासंघाने २००१ मध्ये भारतीय हरित इमारत परिषद स्थापन केली. २००७ मध्ये केंद्र सरकारने ‘गृह’ हे मानांकन स्वीकारले. उन्हाची दिशा, पाण्याचा पुनर्वापर, विजेची बचत यांवर गुण देणे ही मुळात योग्यच गोष्ट आहे. तिला आमचा विरोध नाही. प्रश्न आहे तो बक्षिसाचा. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीने मानांकित इमारतींना दर्जानुसार ३, ५ व ७ टक्के जादा चटईक्षेत्र देऊ केले आहे. म्हणजे तारे इमारतीला आणि विकाऊ मजले बिल्डरला! चटईक्षेत्र ही सार्वजनिक संपत्ती आहे, हे येथे सोयीस्करपणे विसरले जाते.

आणि ज्यांना निवडीची संधीच नाही त्यांचे काय? गोवंडी-मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाऊंड व नटवर पारेख कंपाऊंड या पुनर्वसन वसाहतींत इमारती एकमेकींना अवघ्या तीन मीटरवर खेटून उभ्या आहेत. खालच्या मजल्यांवर भर दिवसा दिवा लावावा लागतो. उजेड व वारा नसणे आणि तेथील क्षयरोग यांचा संबंध २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवून दिला. दिव्याचे व पंख्याचे बिल भरतो तो रहिवासीच. ही घरे सरकारी नियमांना सूट देऊन, सरकारच्या संमतीने बांधली गेली.

‘इको निवास संहिता’ २०१८ पासून अस्तित्वात आहे. भिंती-खिडक्यांतून आत शिरणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवावी, खिडक्या पुरेशा उघडाव्यात, असे तिचे साधे निकष आहेत. २०२२ च्या ऊर्जा संवर्धन दुरुस्ती कायद्याने मोठ्या निवासी इमारतींनाही सक्तीच्या कक्षेत आणण्याचा मार्ग खुला केला. ही सक्ती सर्वप्रथम झोपडपट्टी पुनर्वसन आणि प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरांना लागू झाली पाहिजे. दोन इमारतींमधील अंतरात सूट देणे तत्काळ थांबले पाहिजे. ज्या बिल्डरांनी जादा चटईक्षेत्र घेतले, त्यांच्या इमारतींतील विजेचा प्रत्यक्ष खप तीन वर्षे जाहीर करावा. बचत दिसली नाही तर त्या मजल्यांची किंमत वसूल करून तो पैसा गोवंडीसारख्या वसाहतींच्या दुरुस्तीस लावावा. गृहनिर्माण आणि भाडेकरू चळवळीतील कार्यकर्त्यांनी या मागण्या आपापल्या नगरपालिकांच्या दारात नेल्या पाहिजेत.