हिमोग्लोबिनच्या शेजारची ओळही वाचा

रक्ताचा रिपोर्ट हातात आला की घरातल्या सगळ्यांची नजर एकाच आकड्यावर जाते. तो म्हणजे हिमोग्लोबिन. आकडा कमी दिसला की निकाल ठरलेलाच: ‘बाई नीट खात नाही, अंगात रक्त नाही.’ मग गूळ-शेंगदाणे आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकींना त्याचा गुण येतो. पण काहींचा आकडा कित्येक वर्षे जागचा हलत नाही आणि बोलणी मात्र त्यांनाच खावी लागतात. अशा बाईला दोष देण्याआधी रिपोर्टची शेजारची ओळ वाचा, असे माझे नर्स म्हणून स्पष्ट मत आहे.

ती ओळ म्हणजे आरबीसी काउंट, लाल पेशींची संख्या. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये बाईच्या साधारण ३८ ते ४८ लाख आणि पुरुषाच्या ४५ ते ५५ लाख लाल पेशी असतात. कागदावर हे ३.८ ते ४.८ आणि ४.५ ते ५.५ असे छापतात. लॅबनुसार थोडा फरक पडतो. खाली एमसीव्ही असते, म्हणजे पेशीचा सरासरी आकार. तो ८० ते १०० असावा. काउंट म्हणजे घरात डबे किती, एमसीव्ही म्हणजे डबा केवढा आणि हिमोग्लोबिन म्हणजे सगळ्या डब्यांत मिळून धान्य किती, असे समजा.

आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. एकीचे हिमोग्लोबिन ८.८, काउंट ३.९, एमसीव्ही ७२. पेशी लहान आणि संख्याही बेताचीच. इथे बहुधा लोह कमी असते. दुसरीचे हिमोग्लोबिन १०.२, पण काउंट ५.६ आणि एमसीव्ही ६२. पेशी फारच लहान, संख्या मात्र भरपूर. इथे थॅलेसेमियाची वाहक असल्याची शंका घ्यावी लागते. ते जन्मतःच असते, खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही. खात्री एचपीएलसी तपासणीने होते. काउंट कमी आणि एमसीव्ही १०० च्या वर असेल, तर बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी असू शकते.

आपल्या विदर्भातल्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आदिवासी आणि बौद्ध कुटुंबांत सिकलसेल आढळतो. त्याच्या वाहकाचा साधा रक्ताचा रिपोर्ट बहुधा नॉर्मल येतो. म्हणून काउंट चांगला आला तरी सिकलसेल नाही असे धरून चालू नका. त्याची तपासणी वेगळी असते. आधी सोल्युबिलिटी आणि ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. एक वाहक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा असला तरी धोका आहेच.

लग्न जमवताना आपण शिक्षण, नोकरी, घरदार सगळे विचारतो. त्यात ही एक तपासणी दोन्ही बाजूंनी व्हावी. फक्त मुलीची नको, मुलाचीही हवी. वाहक असणे हा आजार नाही आणि कलंक तर मुळीच नाही. लपवण्यात मात्र धोका आहे.

एक इशारा. हे वाचून कोणीही गोळ्या बंद करू नका, गरोदर बाईने तर अजिबात नाही. वाहक बाईलाही लोह कमी पडू शकते. रिपोर्ट डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा: ‘काउंट किती? एमसीव्ही किती? एचपीएलसी करावी का?’ रक्त आपले आहे, तेव्हा त्याचा अर्थ समजून घेण्याचा हक्कही आपलाच आहे. कागद फेकू नका, फाइलला लावा. पुढच्या वेळी दोन्ही रिपोर्ट सोबत न्या.