मुलांच्या मराठीला वाचक हवा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कार्यकारिणीपुढे एक साधा प्रस्ताव आला होता. बडोद्यातील रविवारच्या मराठी वर्गातील मुलांनी इंदूर व बेळगाव येथील मराठी मुलांशी संगणकावरून लेखी चर्चा करावी, परस्परांचे लेखन वाचावे आणि वर्षअखेरीस सर्वांनी मिळून एक छोटे पुस्तक सिद्ध करावे, एवढेच त्यात म्हटले होते. 'मुले आधीच पडद्याला चिकटलेली असतात, त्यात आपण भर कशाला घालायची?' या एका वाक्याने त्याचा निकाल लागला. त्याच बैठकीत हस्ताक्षर-स्पर्धेच्या फिरत्या ढालीला मात्र एकमुखाने मंजुरी मिळाली. ढालीला माझा विरोध नाही. परंतु ज्या मुलाचे मराठी लेखन वाचणारा कोणीच नाही, त्याचे अक्षर नुसते वळणदार करून आपण काय साधणार आहोत?

आपल्या मुलांची मराठी ही कानाची मराठी आहे. आजीशी बोलताना ती अडत नाहीत. पण शाळा गुजरातीत किंवा इंग्रजीत, आणि मराठी लेखन म्हणजे वर्षातून एकदा स्पर्धेसाठी लिहिलेला निबंध. तो एक परीक्षक वाचतो, गुण देतो आणि कागद कपाटात जातो. वाचकाविना लेखन म्हणजे भिंतीशी संभाषण. अक्षरओळख म्हणजे साक्षरता नव्हे. आपले म्हणणे दुसऱ्याला कळेल असे मांडणे आणि दुसऱ्याचे म्हणणे समजून त्याला उत्तर देणे, ही खरी साक्षरता.

हे मी पुस्तकातून उचललेले नाही. तो प्रस्ताव येण्यापूर्वी आम्ही दोघा-तिघा शिक्षकांनी चार महिने स्वतःच्या जबाबदारीवर हा प्रयोग केला होता. इंदूरच्या एका मुलाने लिहिले, 'परीक्षेमुळे खेळायला वेल मिळाला नाही.' बडोद्याच्या मुलीने लगेच विचारले, 'कसला वेल? दुधीचा?' शाळेतल्या हिंदीत 'ळ' नाही, म्हणून मुलाची ही चूक. गुजरातीत तो आहे, म्हणून मुलीला ती चटकन दिसली. त्या दिवसापासून त्या मुलाने 'वेळ' आणि 'वेल' यांत गल्लत केली नाही. पुढे त्याच मुलीने 'फूले' लिहिले, तेव्हा बेळगावच्या मुलाने तिला हटकले. मग 'फूल-फुले', 'मूल-मुले', 'सून-सुना' अशा जोड्या जमवत मुलांनी आपणच नियम शोधून काढला. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२चे लेखनविषयक नियम मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. ते इतक्या आनंदाने आत्मसात झालेले मी कधी पाहिले नव्हते. लाल शाईशी वाद घालता येत नाही, सोबत्याशी घालता येतो. आणि वाद घालायचा तर कारण शोधावे लागते.

'संगणकाने शुद्धलेखन बिघडते' हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. रोमन अक्षरांत मराठी टंकित करायची आणि यंत्राने सुचविलेला पहिला शब्द उचलायचा, ही सवय घातकच आहे. पण उपाय संगणक बंद करणे हा नव्हे, इन्स्क्रिप्ट कळफलक शिकविणे हा आहे. त्यात ऱ्हस्व आणि दीर्घ इकारासाठी वेगवेगळ्या कळा आहेत. मुलाला प्रत्येक वेळी निर्णय करावाच लागतो. शिवाय 'कि' लिहिताना आधी 'क' आणि मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम पाळावा लागतो.

दुसरा आक्षेप पडद्याचा. २०२०च्या टाळेबंदीत आपण जे पाहिले त्यावरून आपले मत बनले आहे. तेव्हा बहुतेक ठिकाणी घडले ते एवढेच, की गृहपाठाची छायाचित्रे इकडून तिकडे गेली. ती पोच होती, चर्चा नव्हती. पोचवण्यालाच शिक्षण समजून आपण चर्चेलाही दोषी ठरविले.

आणि ही कल्पना तरी कुठे नवी आहे? अमळनेरच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. आमच्या बडोद्यात तर सयाजीराव महाराजांनी १८९३मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६मध्ये तो साऱ्या संस्थानात नेला, आणि तेवढ्यावर न थांबता गावोगाव फिरत्या ग्रंथालयांच्या पेट्या धाडल्या. शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचायला काही न मिळाल्यास विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. ज्या नगरीने ग्रंथांची पेटी खेड्यापर्यंत नेली, तिने मुलांचे चार परिच्छेद इंदूरला धाडण्यास बिचकावे, हे आश्चर्यच म्हणायचे.

मात्र यंत्र हाती दिले की भाषा आपोआप येईल, असे मानणाऱ्यांशीही माझे भांडण आहे. देखरेखीविना चर्चा म्हणजे गलका. गटात पाच-सहाच मुले हवीत. गट बाहेरच्यांना बंद आणि पालकांच्या संमतीने चालणारा हवा. कौतुक करण्यापूर्वी एक प्रश्न विचारण्याचे बंधन हवे. पहिले खर्डे पुसून न टाकता जपायला हवेत, म्हणजे कोणी काय सुधारले ते शिक्षकाला दिसते. आणि शिक्षकाने प्रत्येक ओळ वाचायला हवी. हे काम ढाल विकत घेण्याहून कष्टाचे आहे, आणि विरोधाचे एक न बोललेले कारण तेही असावे अशी मला शंका आहे. आता तर क्षणात निबंध लिहून देणारी यंत्रे घरोघर आहेत. यापुढे स्पर्धेतला निबंध कोणाचा, हे कोण सांगणार? पण 'तुझ्या आजीने पुरणपोळी बिघडल्यावर काय केले?' या मित्राच्या प्रश्नाला उत्तर ज्याचे त्यालाच द्यावे लागते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढे वाटले. दर्जा सरकारकडून मिळतो. वाचणारी-लिहिणारी मुले घडविणे मात्र आपले काम आहे. महाराष्ट्राबाहेर तर ते दुसरे कोणी करणारही नाही. माझी मागणी मोठी नाही. कार्यालयातील दोन संगणक, रविवारचा एक तास आणि मुलांचे लेखन मनापासून वाचणारे चार सभासद, एवढे द्यावे. प्रस्ताव पुढच्या बैठकीत मी पुन्हा मांडणार आहे. या वेळी तो नाकारायचा असेल, तर आधी मुलांनी लिहिलेली ती पाने वाचावीत आणि मग नाकारावा.