चाणक्य पुरे, आता अमात्य वाचा

परवा शनिवारी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा एकदा चाणक्य अवतरले. शेंडी, उगारलेलं बोट आणि खाली 'माणूस मुळात स्वार्थीच' छापाचं एक वाक्य. ते चाणक्याचंच आहे का, हे कोणी विचारत नाही. पटापट अंगठे पडले. त्याच्याच खाली कुणीतरी आळंदीच्या घाटाचा फोटो टाकला होता. इंद्रायणीवर पांढरा फेस आणि त्या फेसात आंघोळ करणारे वारकरी. त्यावर फक्त जोडलेले हात आणि 'सगळे राजकारणी सारखेच'. विषय संपला!

मला या आयत्या शहाणपणाचा राग येतो. एक तर आपल्याकडे मराठीत याहून तिखट माल पडून आहे. रामचंद्रपंत अमात्यांचं 'आज्ञापत्र'. साधारण १७१५-१६ सालचं. शिवाजी महाराजांपासून कोल्हापूरच्या संभाजीराजांपर्यंत पाच कारकिर्दी बघितलेला हा माणूस. (आपण दोन मॅनेजर बदलले की स्वतःला अनुभवी समजतो!) १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीला निघाले तेव्हा इकडचा कारभार यांच्यावर टाकून गेले. म्हणजे औरंगजेब दारात, राजा शेकडो मैल लांब, आणि पंत मीटिंगमध्ये.

आता त्यांनी वतनदारांबद्दल काय म्हटलंय बघा. हे लोक म्हणजे राज्याचे छोटे छोटे भागीदार. आहे त्यात समाधान नाही, शेजाऱ्याचं बळकवायची हौस. आणि परचक्र येतंय म्हटलं की वतन वाचवायला सर्वांच्या आधी शत्रूला जाऊन भेटणार, इकडची बातमी तिकडे, तिकडची इकडे. २०१९ ते २०२३ ची महाराष्ट्रातली वर्तमानपत्रं काढा आणि ताडून बघा. तीनशे वर्षांत फक्त घोड्याच्या जागी चार्टर्ड विमान आलंय.

पण खरा मुद्दा पुढेच आहे. 'माणूस स्वार्थी' एवढं म्हणून पंत अंगठा टाकून झोपी जात नाहीत. ते तिथून कामाला सुरुवात करतात. वतनदाराला फार चेपू नका, फार मोकळाही सोडू नका. गडावर एका झऱ्यावर विसंबू नका, लढाईत तोफांच्या आवाजाने झरे आटतात, म्हणून दोन-तीन टाकी बांधून ठेवा. (बॅकअप, मंडळी, बॅकअप!) आरमाराला लाकूड हवं असलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नका. ती झाडं वर्ष-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जुनं झाड हवं असेल तर मालकाला राजी करा, पैसे मोजा. यूजर चुकीचं बटण दाबणारच, हे धरून आपण कोड लिहितो ना? तसंच हे.

तुम्ही म्हणाल, पंत स्वतः कुठे धुतल्या तांदळासारखे होते? नव्हतेच. १७१४ मध्ये पन्हाळ्यावर ताराबाईंना बाजूला सारलं गेलं, त्यात त्यांचं नाव घेतलं जातं. आणि वतनदारांवर एवढं लिहिणाऱ्या अमात्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर पुढे पिढ्यानपिढ्या राहिली. पण म्हणूनच मला त्यांच्यावर विश्वास वाटतो. आजाराचं वर्णन घरच्या रोग्याइतकं नेमकं कोण करणार?

आता थोडं घरचं. आमच्या सोसायटीत सांडपाणी शुद्ध करायचा प्लँट आहे. वीजबिल वाचावं म्हणून तो रात्री बंद ठेवायचा, असं कमिटीत ठरलं. मीही त्या मीटिंगला होतो, आणि मीही गप्प बसलो. मेंटेनन्स वाढला नाही म्हणून मनातून थोडा खूशच होतो. नदीत कारखान्यांचं पाणी जातं हे खरंच, पण वस्त्यांचं मैलापाणीही जातं. त्या फेसात माझाही वाटा आहे.

तेव्हा वतनदार म्हणजे फक्त पांढऱ्या स्कॉर्पिओतले नव्हेत. तिसऱ्या मजल्यावर टू बीएचकेचं वतन सांभाळून बसलेले आपणही त्यातलेच. 'सगळे सारखेच' हे वाक्य आपल्याला इतकं आवडतं, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही.

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. प्लँट चोवीस तास चालू ठेवा आणि मीटरचं रीडिंग दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावा, असा लेखी ठराव मी देणार आहे. शिव्या पडतील. पडू देत.

असो. चाणक्यांना तोवर थोडी विश्रांती द्या.