मेंढपाळ आमोस आणि खोटी मापं

बाजारात भाजी घेताना आई तराजूच्या काट्याकडे एवढं टक लावून का पाहते, कधी विचारलंय तिला? आज ज्याची ओळख करून घ्यायची, त्या आमोसची नजरही अशीच तराजूवर होती. आणि त्यापायी त्याला ‘चालता हो’ असं ऐकून घ्यावं लागलं!

गोष्ट इसवी सनापूर्वी ७६० च्या सुमाराची. हिब्रू लोकांची तेव्हा दोन राज्यं होती, उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. आमोस यहूदातल्या तकोवा गावचा. जेरुसलेमच्या दक्षिणेला सुमारे १६ किलोमीटरवर हे गाव. तो मेंढरं राखायचा आणि उंबराच्या जातीच्या झाडांची फळं पिकवायचा. ही फळं झाडावर असतानाच सुरीने एकेकाला बारीक चीर द्यावी लागते, मग ती लवकर पिकतात. केवढं चिकाटीचं काम!

उत्तरेत दुसऱ्या यराबाम राजाच्या कारकिर्दीत भरभराट होती. राजधानी शोमरोनमध्ये श्रीमंतांकडे हस्तिदंती पलंग, बेथेलच्या देवस्थानात सण, गाणी, यज्ञ यांची रेलचेल. पण बाजारात? तेव्हा तिथे नाणी नव्हती. व्यापारी धान्य मापाने मोजून द्यायचा आणि गिऱ्हाइकाची चांदी वजनाने तोलून घ्यायचा. धान्याचं माप ‘एफा’, चांदीचं वजन ‘शेकेल’. लबाड व्यापाऱ्यांनी एफा केला लहान आणि शेकेलचा दगड जड! म्हणजे धान्य कमी आणि चांदी जास्त. एकाच सौद्यात गरीब दोनदा नागवला जायचा. वर धान्यात भुसकट. कर्ज फिटलं नाही की माणूसच विकायचा, अगदी वहाणांच्या एका जोडाच्या किमतीलासुद्धा. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, कधी एकदा संपतो आणि दुकान उघडतो असं या लोकांना व्हायचं. (आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवीत. म्हणून तर त्यांना ‘शनवार तेली’ नाव पडलं.)

आमोस थेट बेथेलला गेला. त्याची बोलण्याची हातोटी बघा. त्याच्या पुस्तकात आधी शेजाऱ्यांचे अपराध येतात: दमास्कस, गाझा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब. ऐकणारे खूश झाले असणार! मग पाळी त्याच्या स्वतःच्या यहूदाची. आणि शेवटी सगळ्यांत लांबलचक यादी खुद्द इस्राएलची! देवाला तुमचे सण नि गाणी नकोत, न्याय हवा, असं त्याने सुनावलं. त्या कोरड्या मुलखात बहुतेक ओढे पावसाळ्यापुरते वाहतात. न्याय मात्र बारमाही वाहायला हवा, असं त्याचं म्हणणं.

बेथेलचा पुजारी अमस्या भडकला. त्याने राजाकडे तक्रार धाडली आणि आमोसला बजावलं, की आपल्या मुलखात जा नि तिकडेच पोट भर. पोटासाठी भविष्य सांगणारे तेव्हा असत, हाही त्यातलाच असं त्याला वाटलं. आमोस म्हणाला, हा माझा धंदाच नव्हे, मला देवाने मेंढरांमागून उचलून इथे धाडलंय.

त्याचं पुस्तक फक्त नऊ अध्यायांचं. म्हणून तो बायबलच्या बारा ‘लघु संदेष्ट्यां’पैकी एक. लघु म्हणायचं ते पुस्तकाच्या लांबीवरून हं!

इसवी सनापूर्वी ७२२ च्या सुमारास अश्शूरी सैन्याने शोमरोन जिंकलं, इस्राएलचं राज्य बुडालं. १९३० च्या दशकात तिथे उत्खनन झालं, तेव्हा राजवाड्याच्या परिसरात मातीत हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे सापडले.