शंभरांपैकी साठ

जानेवारी २०१५मध्ये ॲरिझोना राज्याने एक कायदा केला. हायस्कूलचा दाखला हवा असेल तर विद्यार्थ्याने नागरिकशास्त्राची एक परीक्षा पास व्हायची. प्रश्नही नवे काढायचे नाहीत. बाहेरून येऊन अमेरिकेचे नागरिकत्व मागणाऱ्यांसाठी सरकारने त्या वेळी ठरवलेले शंभर प्रश्नच घ्यायचे. तेव्हाच्या नियमाने साठ बरोबर आले की सुटका, नाही आले तर येईपर्यंत पुन्हा बसायचे. असा कायदा करणारे ॲरिझोना पहिले राज्य. पुढे डझनभराहून अधिक राज्यांनी थोड्याफार फरकाने तोच कित्ता गिरवला. अमेरिकेतल्या मराठी घरांनाही हे प्रश्न परके नाहीत, मुलाखतीआधी आईबाबांनी ते घोकलेले असतात. राज्यघटना कधी लिहिली गेली? मूळ तेरा राज्यांपैकी तीन सांगा. पहिल्या दहा दुरुस्त्यांना काय म्हणतात? उत्तरेही सरकारच छापून देते.

या कायद्याच्या पाठीराख्यांचा पूर्वपक्ष अगदीच लेचापेचा नाही. परक्या देशातून आलेल्या माणसाला जे यावेच लागते, ते तिथेच जन्मलेल्या मुलाला का येऊ नये, हा सवाल रास्त वाटतो. शिवाय हाताशी आकडे आहेत. ‘नेप’ या देशव्यापी चाचणीत २०२२ साली अमेरिकेच्या इतिहासात १३ टक्के आणि नागरिकशास्त्रात २२ टक्के मुलेच ‘प्रोफिशियंट’ ठरली. एवढे ऐकून कुणीही कपाळाला हात लावेल.

पण ती मुले आठवीची होती. नेपने बारावीच्या मुलांचा इतिहास तपासला तो २०१० साली. २०१४, २०१८ आणि २०२२ या तिन्ही फेऱ्यांत बारावी नव्हतीच. दुसरे म्हणजे ‘प्रोफिशियंट’ ही पास-नापासाची रेघ नव्हे, ती बरीच वरची पायरी आहे, आणि हे नेपवालेच सांगतात. काळजी करायचीच तर इतिहासात ‘बेसिक’ या खालच्या पायरीलाही न पोचलेल्या ४० टक्के मुलांची करावी. त्यांच्या हाती शंभर उत्तरांचा कागद देऊन भागणार नाही.

‘हल्लीच्या मुलांना काही येत नाही’ हे रडगाणेही हल्लीचे नाही. बेल आणि मॅकॉलम या दोघा संशोधकांनी टेक्ससमधल्या सुमारे १,५०० विद्यार्थ्यांना अमेरिकेच्या इतिहासाचे प्रश्न घातले आणि १९१७ साली निकाल छापला. हायस्कूलच्या मुलांना शंभरात ३३ मिळाले होते. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा टॉमस जेफरसन आणि गुलामगिरी टिकवायला निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांची काहींनी खुशाल अदलाबदल केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९४३मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या ७,००० मुलांना गाठले, तेव्हा मूळ तेरा वसाहतींची नावे सहा टक्क्यांनाच सांगता आली. आज अमेरिका जिला महायुद्ध जिंकणारी थोर पिढी म्हणून मिरवते, तीच ही पिढी. उलट सॅम वाइनबर्ग आणि शॉन्सी मॉन्टे-सॅनो यांनी अकरावी-बारावीच्या २,००० मुलांना राष्ट्राध्यक्ष सोडून इतिहासातले सर्वांत प्रसिद्ध अमेरिकन विचारले, तेव्हा मार्टिन ल्यूथर किंग, रोझा पार्क्स आणि हॅरिएट टबमन ही नावे सर्वांत वर आली. मुलांच्या डोक्यात इतिहास असतो. प्रश्न काढणाऱ्याच्या मनातला तोच असतो, असे मात्र नाही.

आता मूळ मुद्दा. पहिल्या दुरुस्तीतला एखादा हक्क सांगा, असा एक प्रश्न त्या शंभरांत आहे. मुलगा म्हणाला ‘धर्मस्वातंत्र्य’, गुण मिळाला. त्यालाच पुढचा प्रश्न विचारावा: १८०० साली मॅसॅच्युसेट्समधले गाव पाद्र्याच्या पगारासाठी रहिवाशांकडून कर घेऊ शकत होते का? होते, आणि घेतही होते. पहिल्या दुरुस्तीने हात बांधले ते काँग्रेसचे, राज्यांचे नव्हे. ‘बॅरन विरुद्ध बाल्टिमोर’ खटल्यात १८३३ साली सुप्रीम कोर्टाने ते स्वच्छ सांगून टाकले. मॅसॅच्युसेट्सने तो कर रद्द केला तोही १८३३मध्येच, पण स्वतःची घटना बदलून. राज्यांनाही हे हक्क मानायला लावण्याची वाट चौदाव्या दुरुस्तीने १८६८ साली उघडली, आणि कोर्टाने त्या वाटेवर खरी पावले टाकली ती विसाव्या शतकात. ‘धर्मस्वातंत्र्य’ म्हणून गुण मिळवलेल्या मुलाला यातले काही ठाऊक आहे की नाही, हे ती परीक्षा कधीच सांगू शकत नाही.

याउलट एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम स्त्रीला लिहिता-वाचताही येत नव्हते. मॅसॅच्युसेट्सच्या १७८०च्या घटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असे म्हटले होते. ‘मग त्यात मी नाही का?’ असा तिचा दावा होता. तिने १७८१मध्ये तो कोर्टात नेला आणि जिंकला. जोतीराव फुल्यांनी टॉमस पेनचे हक्कांवरचे पुस्तक वाचले आणि १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामगिरीविरुद्ध झटणाऱ्यांना अर्पण केली; तिथेही दूरचा मजकूर आपल्या माणसांना लावून पाहण्याचीच बुद्धी होती. तपासायची ती ही बुद्धी.

याचा अर्थ तारखा कचऱ्यात टाका, असा नव्हे. ‘सगळे फोनवर मिळते’ म्हणणारा दुसरा पक्षही तितकाच पोकळ आहे. पहिल्या दुरुस्तीचे १७९१ आणि चौदाव्या दुरुस्तीचे १८६८ यांत काय बदलले हे डोक्यात नसेल, तर फोनला नेमके काय विचारायचे हेच सुचत नाही.

चांगली परीक्षा कशी असते, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. हायस्कूलच्या मुलांसाठी असलेल्या कॉलेज-पातळीच्या ‘एपी’ अमेरिकी इतिहासाच्या परीक्षेत १९७३पासून कागदपत्रांवर आधारित प्रश्न असतो. आज त्यात सात कागदपत्रे मिळतात, तासाभरात ती वाचून, एकमेकांशी ताडून आपले म्हणणे मांडायचे. एपी शासनशास्त्राच्या सक्तीच्या नऊ दस्तऐवजांत घटनेची तरफदारी करणारे ‘फेडरलिस्ट’ लेख आहेत, तसा तिच्या विरोधात लिहिणारा ‘ब्रूटस’ही आहे. यावर हमखास आक्षेप येतो तो खर्चाचा: असे पेपर तपासायला माणसे लागतात, वेळ लागतो, गुणांत तफावत पडते. खरे आहे. पण छोटे प्रश्नही काढता येतात. स्टॅनफर्डच्या गटाने मुलांना १६२१च्या पहिल्या थँक्सगिव्हिंगचे चित्र दिले आणि विचारले, वसाहतवाले आणि तिथले मूळ रहिवासी वाम्पानोग यांच्यातले त्या वेळचे संबंध समजायला हे उपयोगी आहे का? चित्र त्या प्रसंगानंतर जवळपास तीनशे वर्षांनी काढलेले होते, सालही समोरच छापलेले होते. पुष्कळांनी तिकडे पाहिलेच नाही. एका परिच्छेदाच्या उत्तरात एवढे कळते.

हक्कांसाठीही तसाच प्रश्न काढता येईल. झेंड्याला सलाम न करणाऱ्या मुलांना शाळा शिक्षा करू शकते, असे सुप्रीम कोर्टाने १९४०मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी म्हटले आणि १९४३मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी ते फिरवले. दोन्ही निकालांतले उतारे द्यावेत आणि मधल्या तीन वर्षांत काय झाले, हे विचारावे. ‘न्यायमूर्ती बदलले’ एवढेच लिहिणाऱ्याला थोडे गुण. तिघांनी आपले मत बदलले आणि पहिल्या निकालानंतर ‘यहोवाचे साक्षीदार’ या त्या मुलांच्या पंथातल्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, हे जोडणाऱ्याला अधिक. सरकारी शाळा ही राज्याची, मग पहिली दुरुस्ती तिला मुळात लागू कशी झाली, असे ज्याला विचारावेसे वाटेल त्याला पूर्ण गुण द्यावेत, उत्तर अर्धवट असले तरी.