धुराड्याशी मोजले म्हणजे झाले काय?

अणुऊर्जेच्या समर्थकांतील एक पक्ष हिरिरीने असे प्रतिपादन करतो, की किरणोत्सर्ग मोजायचाच असेल तर तो प्रकल्पाच्या धुराड्याशी आणि सांडपाण्याच्या नळाशी मोजावा. तेथून किती बाहेर पडले हे कळले, की वारा, पाऊस व आहार यांचे गणित मांडून माणसाच्या शरीरात किती पोहोचेल ते कागदावरच काढता येते, आणि त्यापुढे गावोगावचे दूध, गवत, मासळी व गाळ तपासत बसणे म्हणजे पैशाचा अपव्यय आणि भीतीला खतपाणी. केळ्यातही किरणोत्सर्गी पोटॅशियम असते आणि माणूस सुरक्षित असला की पशुपक्षी आपोआप सुरक्षित असतात, ही या पक्षाची आणखी दोन लाडकी प्रमेये.

कागदावरच्या गणितावरील हा विश्वास किती महागात पडतो, हे इंग्लंडच्या वायव्येकडील कंब्रिया या डोंगराळ भागातील मेंढपाळांनी 26 वर्षे भोगले आहे. एप्रिल 1986 मधील चेर्नोबिलच्या स्फोटानंतर मे महिन्याच्या आरंभी तेथे जोराचा पाऊस झाला आणि हवेतील सीझियम-137 डोंगरउतारांवर उतरले. या द्रव्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्याची किरणोत्सर्गी मात्रा निम्मी होण्यास लागणारा काळ, सुमारे 30 वर्षांचे असले, तरी ते मातीत घट्ट बसेल आणि गवतात येणार नाही, असे तज्ज्ञांचे गणित सांगत होते. म्हणून जूनमध्ये मेंढ्यांच्या विक्रीवर व कत्तलीवर बंदी घातली गेली तीही अवघ्या तीन आठवड्यांपुरती. पण हे गणित सखल प्रदेशातील चिकणमातीवर बेतलेले होते. चिकणमातीचे कण सीझियमला धरून ठेवतात. कंब्रियाच्या डोंगरांवर मात्र आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींची काळी माती आहे, जी त्याला धरत नाही, त्यामुळे ते मुळांवाटे गवतात, गवतातून मेंढीत आणि मेंढीच्या विष्ठेतून पुन्हा मातीत असे वर्षानुवर्षे फिरत राहिले. मांसासाठी मर्यादा होती किलोला 1,000 बेकरेल (एक बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणुकेंद्राचे विघटन). ती ओलांडली जाते की नाही हे पाहण्यासाठी जिवंत मेंढीच्या पुठ्ठ्याला मापकयंत्र टेकवले जाई, आणि जी ओलांडे तिच्या लोकरीवर रंगाची खूण करून तिची कत्तल थांबवली जाई. मेंढ्या दरीतल्या कुरणात उतरवाव्यात, हा सल्लाही असाच कागदावरून आला. दरीतले गवत हिवाळ्यासाठी राखायचे असते, हे प्रत्येक मेंढपाळ जाणत होता, पण त्याला विचारणार कोण? तीन आठवड्यांचे हे निर्बंध शेवटच्या शेतांवरून उठले ते 2012 साली. ज्यांच्या गणितात तीन आठवड्यांची 26 वर्षे होतात, त्यांनी मोजमापाला अपव्यय म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

त्याच मेंढ्यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. सीझियम-134 चे अर्धायुष्य दोन वर्षांचे असल्याने, त्याचे सीझियम-137 शी असलेले प्रमाण पाहून द्रव्य ताजे की जुने हे ओळखता येते; तशा तपासणीत तेथील सीझियमचा बराच भाग चेर्नोबिलच्या आधीचा, जुन्या अण्वस्त्रचाचण्या आदी स्रोतांचा असल्याचे आढळले. म्हणजे विष आधीपासूनच होते आणि कोणी पुरेसे बारकाईने पाहिले नव्हते.

धुराड्याचा आकडा ज्याचे धुराडे त्याच्याच हाती असतो, हेही विसरता येत नाही: चेर्नोबिलची बातमी बाहेरच्या जगाला लागली ती 28 एप्रिल 1986 रोजी, सुमारे 1,100 किलोमीटर दूर स्वीडनच्या फोर्समार्क केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग सापडला म्हणून. केळ्याच्या युक्तिवादाला एक वाक्य पुरे: शरीर जादा पोटॅशियम बाहेर टाकून त्याची पातळी स्थिर राखते, तर आयोडीन-131 मुलांच्या कंठस्थ ग्रंथीत साठते. भीतीबद्दलचा वाद तर फार जुना आहे. प्रकल्पविरोधकांतील काहींना यंत्राची प्रत्येक टकटक मृत्यूची वाटली आणि समर्थकांतील काहींना प्रत्येक आकडा नगण्य वाटला, आणि दोन्ही बाजूंनी आकड्यांवाचूनच भांडण्यात अनेक वर्षे घालवली. भीती वाढते ती आकडे दडवल्याने.

करायचे काय, तर प्रकल्प सुरू होण्याआधीच त्या परिसराची माती, पाणी, दूध व मासळी तपासून मूळ पातळी नोंदवावी, कारण ती नसेल तर पुढची वाढ कशाशी ताडणार? भारतात अणुवीज केंद्राजवळ अशी पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आधीच उभारण्याची पद्धत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. 1969 पासून वीज देणाऱ्या तारापूरच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घालणाऱ्या कुटुंबांपर्यंत ते आकडे मराठीत, नमुना कोठला व कधीचा या तपशिलासह, नियमित पोहोचले पाहिजेत.

आणि निसर्गाचे मोजमाप वेगळे व्हावे. माणूस सुरक्षित तर इतर जीवही सुरक्षित, हे गृहीतक आंतरराष्ट्रीय शिफारशींतही दीर्घकाळ होते. 2007 साली त्या शिफारशींनी प्राणी व वनस्पतींच्या संरक्षणासाठी स्वतंत्र चौकटीची गरज मान्य केली. चेर्नोबिलजवळचे प्रिप्यात शहर 27 एप्रिल 1986 रोजी रिकामे करण्यात आले, त्यामुळे तेथील माणसांना पुढची मात्रा मिळाली नाही. जवळचे पाइनचे रान मात्र जागच्या जागी तांबूस पडून मेले, कारण पाइनवृक्ष किरणोत्सर्गाला अतिशय संवेदनशील असतात आणि झाडांना हलवता येत नाही.